खड्ड्यातला नाग

“रेस दे मल्लू, आणखी दे! पॅडलवर पाय ठेवलायस का फुलं वाहिलीस?”

मल्लूनं पाय दाबला आणि सगळी केबिन थरथरायला लागली. ड्रायव्हर आणि क्लीनरच्या सीटमधलं इंजिनाचं झाकण मी काढून ठेवलं होतं आणि त्या भोकात अर्धा वाकलो होतो. डिझेलच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. वास होता, इंजिनावर ओल होती, चढाला गाडी दम टाकत होती, पण गळतंय कुठून ते काही दिसेना. थेंब पडत असता तर प्रश्नच नव्हता. हे धुकं होतं. पाईपाच्या आसपास कुठंतरी उठायचं आणि लगेच पसरायचं.

पेठ नाक्यावर आण्णाप्पा वस्तादांचं गॅरेज होतं, तिथली ही गोष्ट. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, बाहेर ‘दस्तगीर मुल्ला, डिझेल मेकॅनिक’ अशी पाटी आहे. पण तेव्हा मी वस्तादांचा हात होतो. अगदी खराखुरा हात, कारण त्यांना स्वतःचा उजवा हात मनगटापासून नव्हता. करंजाच्या झाडाखाली एका मोडक्या बसची सीट टाकलेली होती, तिच्यावर बसून ते हुकूम सोडायचे आणि मी नट सोडायचो. शिव्या मात्र ते दोघांच्या वाटणीच्या एकटेच द्यायचे.

“दस्त्या!” झाडाखालून आवाज आला. “डोळं फाडून काय बघतोयस? लगीन ठरवायला आलायस व्हय? बोट लाव, बोट!”

बोट लावून गळती शोधणं ही वस्तादांची खास विद्या. कोल्हापूरपासून साताऱ्यापर्यंत ड्रायव्हर लोक तिचं कौतुक करायचे. गाडी चालू ठेवायची, पाईप फडक्यानं कोरडा करायचा आणि बोटाचं टोक त्यावरून हळूहळू फिरवत न्यायचं. जिथं गार फुंकर लागेल तिथं गळती. हात गेल्यावर ती विद्या त्यांनी मला दिली होती, आणि मीही काही कमी नव्हतो. इंजिन बघून नव्हे, चाचपून ओळखतो, अशी माझी शेखी होती.

मी फडकं मारलं आणि पहिल्या पाईपावरून बोट फिरवलं. काही नाही. दुसरा पाईप, काही नाही. तिसऱ्या पाईपाच्या नटापाशी बोट गेलं आणि मुंगी चावल्यासारखं झालं.

“हात् तिच्या!” मी हात मागं घेतला.

“घावली?” मल्लूनं विचारलं.

“घावली. चावली पण.”

बोट बघितलं. पहिल्या बोटाच्या टोकाला सुईनं टोचल्यासारखं बारीक टिंब. रक्त नाही, दुखणं नाही. मी बोट पँटला पुसलं आणि मल्लूला गाडी बंद करायला सांगितलं.

नट आवळून भागणार नव्हतं. नवीन पद्धतीची गाडी होती ती, पाईपात डिझेलचा दाब जुन्या गाड्यांच्या कितीतरी पट. पाईप सोडून बघितला तर नटाच्या अगदी मुळाशी केसाएवढी चीर. असला पाईप फेकायचाच. सुदैवानं दुसरा पाईप होता आमच्याकडं. मी तो हवेनं साफ केला आणि बसवायला घेतला.

मल्लू जतकडचा, पोटात बोलणं न राहणारा गडी. सांगलीहून हळद भरून पुण्याला निघाला होता. माझं काम चालू असताना तो खाली उतरून गॅरेजभर फिरून आला.

“काय ओ दस्तगीरभाई, त्या कोपऱ्यातल्या खड्ड्याला फळ्या ठोकल्यात, वर हळद-कुंकू. गाडीखाली शिरायचा खड्डा दिसतोय. मग बंद का?”

“त्यात नाग हाय,” मी म्हणालो. “हळू बोल.”

“चेष्टा करताय.”

“चेष्टा कसली? वस्तादांचा हात त्यानंच नेला.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. मी गॅरेजमध्ये येण्याआधीचं हे, पण नाक्यावर कुणालाही विचारा, सगळ्यांना पाठ होतं. नागपंचमीचा दुसरा दिवस. वस्ताद खड्ड्यात उतरून एका ट्रकखाली काम करत होते. अंधारात बोटाला डंख बसला, पायाशी काहीतरी वळवळलं, आणि ते ‘साप, साप’ करत वर आले. पोरांनी काठ्या घेऊन खड्डा उलथापालथा केला. साप काही मिळाला नाही. आमचा मुलूख शिराळ्याच्या जवळचा. नागाला मानणारी माणसं सगळी. आधी मंत्र-तंत्र झाले, मग दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनाही सगळ्यांनी साप चावला असंच सांगितलं. वस्ताद वाचले, पण हात काळा पडला आणि कापावा लागला.

“नागपंचमीचाच दुसरा दिवस?” मल्लूनं कानाला हात लावला. “कुणीतरी काहीतरी मोडलं आसणार.”

“शेवंताकाकींनी,” मी आवाज खाली आणला. “वस्तादांच्या बायकोनं. पंचमीच्या दिवशी विळीवर काकडी चिरली.”

“अरारारा!”

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीला आमच्याकडं घरात काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत, जमीन खणत नाहीत. नागाला इजा होते म्हणून. काकींच्या सासूला दुसऱ्या दिवशी खरकट्याच्या बादलीत काकडीची सालं सापडली आणि त्याच दुपारी वस्तादांना डंख बसला. मग काय राहिलं? सासूनं भर गल्लीत तिला धरलं. नवरा खाल्लास, पांढऱ्या पायाची आहेस, काय काय बोलली. तेव्हापासून पंचमीला गल्लीतल्या बाया वारुळाला निघाल्या की काकींना बोलवायच्या नाहीत. कुणाच्या ओटीभरणीला नाही, बारशाला नाही.

आणि काकींनी त्या दिवसापासून विळीला हात लावला नव्हता. पंचमीलाच नव्हे, कधीच. मी त्यांच्याकडं रोज जेवायचो. मेथी निवडून तशीच, गवार मोडून, घेवडा मोडून, भेंडीसुद्धा हातानं तोडून. कांदा बुक्कीनं फोडलेला. मला पोटच्या पोरासारखं वाढायच्या, पण भरल्या वांग्याचं नाव काढलं की डोळे पुसायच्या. सासू केव्हाच मेली, तरी काकींची शिक्षा चालूच होती. ती त्यांची त्यांनीच चालू ठेवली होती.

मल्लू हळहळला. मी पाईपाचे नट हातानं बसवले, मग पान्यानं आवळले, गाडी चालू केली. फडकं फिरवून बघितलं, कोरडं ठणठणीत. “झालं बघ!” मी म्हणालो आणि पाना पेटीत टाकायला गेलो, तर तो हातातून सुटला. बोटाला मुंग्या आल्या होत्या. मी मनात म्हटलं, भूक लागली असेल.

तेवढ्यात काकी भाकऱ्यांचं टोपलं घेऊन आल्या. घर गॅरेजच्या पाठीमागंच होतं.

“मल्लाप्पा, तुमीबी बसा जेवायला,” काकी म्हणाल्या. “वांग्याची भाजी न्हाई, घेवडा हाय. चालंल न्हवं?”

आम्ही करंजाखाली बसलो. मी भाकरीला हात घातला आणि मोडायला गेलो, तर बोट वाकेना. दुसऱ्यांदा जोर लावला तर कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मी “आई गं” केलं.

“काय झालं रं?” काकी आमटी वाढता वाढता थांबल्या. “बघू हात.”

“काही न्हाई काकी, जरासं टोचलंय.”

त्यांनी माझा हात ओढला. मीही तेव्हाच नीट बघितला. बोट सुजलं होतं, आणि लाल नव्हतं, पांढरं होतं. चुन्यासारखं पांढरं. टोकाला ते टिंब, आता निळसर.

काकींच्या हातातला आमटीचा डाव खाली पडला.

“आवं!” त्या ओरडल्या, आणि तो आवाज मी अजून विसरलो नाही. “आवं, बघा हो! तस्संच! तुमचं हुतं तस्संच टिंब!”

वस्तादांनी वाकून बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. ते उठायला गेले, पुन्हा सीटवर बसले.

“साप,” ते म्हणाले. “साप चावलाय ह्येला. चल. ऊठ. दवाखान्यात चल!”

“वस्ताद, साप कुठला—”

“ऊठ म्हंतो न्हवं!”

काकी मात्र जमिनीवर बसून राहिल्या होत्या. त्यांनी खड्ड्याकडं बघत दोन्ही हात पसरले.

“नागोबा, मी न्हाई रं काही चिरलं! विळीला हातसुदीक लावला न्हाई मी! एवढी वर्सं न्हाई लावला! लेकराला का धरलंस रं माझ्या?”

मी वळून बघत होतो, पण वस्तादांनी मला दंडाला धरून ओढत नेलं.

मल्लूची गाडी तयारच होती, आत्ताच दुरुस्त झालेली. त्यात बसून आम्ही कराडला निघालो. मी इंजिनाच्या झाकणावर मध्ये, वस्ताद खिडकीशी. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट वर धरून ठेवलं होतं आणि तोंडानं सारखं चालू होतं, “घाबरू नगंस, मी हाय. मागच्या येळी येळ गेला. आता येळ घालवायचा न्हाई. मल्लू, हाण!”

“वस्ताद,” मी म्हणालो, “पण मी खड्ड्यात उतरलोच न्हाई.”

“मग त्यो वर आला आसंल.”

“वर कुठं? सकाळपासनं मी ह्याच केबिनात हाय.”

“व्हय वस्ताद,” मल्लू स्टेअरिंगवरून म्हणाला. “साप बीप काय नव्हतं. मी शेजारीच होतो की. ते पाईपला बोट लावलं, तवा चावलं म्हणाले.”

गाडी कासेगाव ओलांडून गेली. मग वस्तादांनी विचारलं, “कुठल्या पाईपाला?”

“तिसऱ्या. गळती शोधताना.”

माझ्या मनगटावरची त्यांची पकड सैल झाली. ते आपल्या उजव्या बाहीकडं बघत बसले. रिकाम्या बाहीचं टोक त्यांनी कधीच वर केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ते दातांनी धरून वर सरकवलं आणि थोटकाकडं बघत राहिले. मला अजून काही कळलं नव्हतं. मला माझ्या बोटाची पडली होती. ते आता ठणकत होतं आणि तळहात ताठ झाला होता. हात गेला तर मी काय करणार? मला दुसरं काहीच येत नव्हतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. वस्तादांनी काही सांगायच्या आधीच त्यांनी माझा हात बघितला, वास घेतला आणि विचारलं, “काम काय करता?”

“डिझेल मेकॅनिक.”

“पाईप चालू असताना बोट लावलं होतं?”

“व्हय.”

“किती वेळ झाला?”

“जेवायच्या आधी.”

“डिझेल आत घुसलंय,” त्या नर्सला म्हणाल्या. “ताबडतोब घ्या आत. बोट आत्ता उघडलं नाही तर हात जाईल.”

मला हसू आलं, खरंच सांगतो. एवढ्याशा टिंबातून डिझेल? पण त्या म्हणाल्या, पाईपातून डिझेलची जी बारीक धार निघते, ती कातडं फाडून आत शिरते. बाहेर फक्त टोचल्याची खूण, आणि आत मांस सडायला लागतं. दुखायला लागेपर्यंत माणसाला वाटतं, काही झालंच नाही.

“बरं झालं लगेच आलात,” त्या म्हणाल्या. “लोक येतच नाहीत हो. टोचलंय म्हणून घरी बसतात.”

“आम्ही सापाच्या भ्यानं आलो,” मी म्हणालो.

“साप?”

तेव्हा वस्ताद पुढं झाले आणि त्यांनी आपलं थोटकं बाईंच्या समोर धरलं. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

“बाई, हे बघा. मला साप चावला हुता. मी खड्ड्यात हुतो, गाडी चालू हुती. वर हात घालून पंपाची गळती शोधत हुतो. आसंच टिंब. आसंच पांढरं बोट.”

बाईंनी थोटकं बघितलं आणि वस्तादांकडं बघितलं.

“साप कुणी बघितला होता?”

“कुणी न्हाई.”

“मग साप चावला असं कोण म्हणालं?”

“मीच,” वस्ताद म्हणाले.

बाईंनी वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला आत न्यायला सांगितलं. मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा वस्ताद भिंतीला टेकून उभे होते. मला भीती वाटली ती माझी नाही, त्यांची. हा माणूस आत्ता इथं कोसळणार, असं वाटलं.

माझा हात वाचला. बोटाचं पहिलं पेर गेलं, तेवढंच. शुद्धीवर आलो तेव्हा पट्टी बांधलेली होती आणि वस्ताद कॉटच्या पायथ्याशी बसलेले. दवाखान्यात होतो तोवर ते माझ्याजवळून हलले नाहीत. आणि एक शिवी दिली नाही. मला त्याचंच जास्त भ्या वाटलं. काकी डबा पाठवायच्या, स्वतः आल्या नाहीत. निरोप यायचा, “माझी सावली नगं त्येच्यावर.” तो निरोप आला की वस्ताद मान खाली घालायचे.

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही दिवेलागणीला पोचलो. काकींनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझा पट्टीतला हात बघितला, बोटं मोजली आणि रडल्या.

“नागोबानं सोडलं रं बाबा तुला.”

“शेवंता,” वस्ताद म्हणाले, “आत चल. बस.”

काकी चुलीपाशी बसल्या. मी उंबऱ्याशी. वस्ताद उभेच राहिले.

“दस्त्याला साप न्हाई चावला.”

“आँ?”

“डिझेल घुसलं. पाईपात दाब आसतोय न्हवं, त्येची धार बोटात घुसली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.”

“म्हंजी नाग न्हवता?” काकींचा चेहरा एकदम उजळला. “नागोबा रागावला न्हाई? माझ्या हातनं काही झालं न्हाई?”

“न्हाई गं.”

“बाई, बाई, बाई!” त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. “म्या म्हटलं, एवढं पाळलं तरी कुठं चुकलं!”

चूल पेटवायला त्या वळल्या. काटक्या घातल्या, फुंकर मारली. आणि मध्येच थांबल्या. हळूहळू मान वळवून त्यांनी वस्तादांच्या बाहीकडं बघितलं.

“आन तुमाला?”

वस्तादांनी रिकामी बाही डाव्या मुठीत धरली.

“तुमाला काय चावलं हुतं?”

“मलाबी डिझेलच,” वस्ताद म्हणाले. “साप न्हवताच.”

काकी रडतील असं मला वाटलं होतं. ओरडतील, छाती पिटतील. त्या नुसत्या बसून राहिल्या. तोंड उघडं, हातात काटकी तशीच. माझ्या आईला मी मयताच्या बातमीवर असं बसलेलं बघितलं होतं. मग त्या बोलल्या.

“माझी आई मेली. शेवटच्या घटकेला माझा हात धरून म्हणत हुती, शेवंते, का गं चिरलीस काकडी?”

“मला तरी काय ठावं हुतं शेवंता?” वस्ताद रडवेले झाले होते. “कुणालाच ठावं न्हवतं! मला साप वाटला, म्हणून म्या साप म्हणालो. त्यात माझी काय चूक?”

“सापाचं ऱ्हाऊ द्या,” काकी म्हणाल्या. “त्ये कुणालाच ठावं न्हवतं.”

आणि त्यांनी वर बघितलं. सरळ नवऱ्याच्या डोळ्यांत.

“काकडी कुणी मागितली हुती?”

मी चमकून वस्तादांकडं बघितलं.

“पंचमीच्या दुपारी तुम्ही जेवायला बसला आन म्हणाला, नुसतं उकडलेलं घशाखाली उतरत न्हाई, काकडी तरी चिर. म्या म्हणलं, आज विळी काढायची न्हाई. तर ताट सरकवलं तुम्ही. दुसऱ्या दिशी आत्याबाईंनी मला केसाला धरून गल्लीत उभी केली, इचारत हुत्या, कुणासाठी चिरलीस, बोल, कुणासाठी? तुम्ही हितंच बाजंवर पडला हुता. शुद्धीवर हुता. मी तुमच्या तोंडाकडं बघत हुते.”

वस्तादांनी मान फिरवली.

“आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणत ऱ्हायले. मग तुमचा हात गेला, आन मला वाटलं, आता काय इचारायचं. माझ्यामुळंच गेला न्हवं?”

इतकी वर्षं मी त्या घरात जेवलो होतो. बुक्कीनं फोडलेला कांदा खाल्ला होता. वस्ताद रोज माझ्या शेजारी बसून तोच कांदा खात होते आणि गप्प होते. डिझेलचं ऐकून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या क्षणी बसला. आपला वस्ताद. ज्याच्या शिवीशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही, तो माणूस.

वस्ताद वळले. मला वाटलं, नेहमीसारखे तरातरा गॅरेजकडं जातील. ते उंबरा ओलांडून माझ्या अंगावरून गल्लीत गेले. पायात चपला नव्हत्या. गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी हाक मारली, तीच गॅरेजमधली, हायवेच्या पलीकडं जाणारी हाक.

“ए मालन! ए हौसाक्का! सगळ्या बाहेर या! गडी माणसंबी या!”

दारं उघडली. बाया पदर सावरत ओट्यावर आल्या. कुणाला वाटलं, कोण गेलं की काय.

“ऐका! माझ्या हाताला साप चावला न्हवता. आन पंचमीची काकडी शेवंतानं न्हाई चिरली. म्या चिरायला लावली. ताट सरकवून चिरायला लावली. आन आईनं तिला मारली तवा गप बसलो. थुका माझ्या तोंडावर, कुणाला थुकायचं आसंल तर!”

म्हातारी हौसाक्का ओट्यावरच खाली बसली. पंचमीला बायांना घेऊन वारुळाला जाणारी तीच असायची.

मी आत वळून बघितलं. काकी माळ्यावरून काहीतरी काढत होत्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेली विळी. गंजून तांबडी झालेली. त्यांनी ती राखेनं घासली, पाण्यानं धुतली, पाटावर पाय देऊन बसल्या आणि टोपलीतला एक कांदा घेतला. बाहेर वस्तादांचा आवाज आता रडका झाला होता, पण त्यांनी मान वर केली नाही.

मला डाव्या हातानं जेवावं लागलं त्या रात्री. पिठलं, भाकरी आणि चिरलेला कांदा. चकत्या कुठं जाड, कुठं बारीक. काकी माझ्या ताटाकडं बघत म्हणाल्या, “हात बसला न्हाई रं आजून.”